बादलीतली साखर

त्या रविवारी सकाळी आमच्या वसाहतीच्या समाजमंदिरात उभं राहायलाही जागा नव्हती. दीडदोनशे माणसं, खिडक्यांच्या गजांना लटकलेली पोरं, दारात चपलांचा ढीग, आणि सगळे जण श्वास रोखून सोळा वर्षांच्या एका मुलीच्या लघवीकडे बघत होते. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. नळी मी धरली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांची खरडपट्टी काढणार आहे आणि त्यात पहिला नंबर माझा आहे.

आमची वसाहत बौद्धांची. ओझरच्या कारखान्यातले कामगार, कचेऱ्यांतले कारकून, प्राथमिक शाळांचे शिक्षक. आमच्या वडीलधाऱ्यांनी धर्मांतरानंतर घरातले देव टोपलीत भरून गोदावरीत सोडले होते आणि ती हकीकत आम्ही लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती की टोपली कुणाच्या डोक्यावर होती तेही आम्हाला पाठ. पंचवटीत कुणी महाराज हवेतून अंगारा काढतो असं कानावर आलं की आमच्याकडे आठवडाभर त्याची नक्कल चाले. अंगात येणं, उतारा, गंडेदोरे, यातलं काहीच आमच्या गल्लीत खपत नसे. त्यामुळे आपल्याला कुणी फसवू शकत नाही असा आमचा पक्का समज होता. या समजासारखी सोय फसवणाऱ्याला दुसरी मिळत नाही.

प्रोफेसर बी. एन. यांनी ती सोय बरोबर हेरली होती. बी. एन. म्हणजे भिकन निवृत्ती, आडनाव काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. प्रोफेसर कशाचे, हेही कुणी विचारलं नाही. अंगात पांढरा कोट, खिशाला तीन पेनं, हातात चामडी बॅग. भगवं काही नाही, माळ नाही, मंत्र नाही. बोलायला उभे राहिले की सुरुवात ठरलेली.

"मंडळी, देवावर विश्वास ठेवू नका."

टाळ्या.

"माझ्यावरही ठेवू नका."

आणखी टाळ्या.

"विश्वास ठेवा फक्त या नळीवर. हे विज्ञान आहे. मी कशालाही हात लावणार नाही. औषध तुमच्या दवाखान्यातलं, नळी तुमची, लघवी तुमची, डोळे तुमचे."

आमची माणसं खूश झाली. आजवर कुणी त्यांना इतक्या मानाने बोललं नव्हतं. मग प्रोफेसरांनी मधुमेहावरचा त्यांचा शोध समजावून सांगितला. बेनेडिक्टचं निळं औषध कशाचं बनतं? तांब्याचं. त्यांचं पाणी कुठे ठेवलेलं असतं? तांब्याच्या भांड्यात, एकवीस दिवस, ठरावीक दिशेला तोंड करून. तेव्हा पाण्यात तांब्याच्या लहरी उतरतात, त्या पोटात जाऊन साखरेला पकडतात, आणि मग बाहेर नळीत तांबं तांब्याला ओळख देतं आणि निळं राहतं. यात एकही वाक्य असं नव्हतं की ज्याला अर्थ आहे, पण प्रत्येक वाक्यात एक शब्द शास्त्रातला होता. पाणी फुकट होतं. तांब्या मात्र त्यांच्याकडूनच घ्यायचा होता.

आता लताबद्दल सांगते. लता आमची शेजारीण, भिंतीला भिंत लागून घर. बाराव्या वर्षी तिला मधुमेह झाला, तोही म्हातारपणात होतो तो नव्हे, लहान मुलांना होतो तो, ज्यात शरीर इन्सुलिन बनवायचंच थांबवतं. चार वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. फ्रिज कुणाकडे नव्हता, म्हणून इन्सुलिनची बाटली माठाखाली ओल्या फडक्यात. काचेची सिरिंज रोज उकळायची, लघवी रोज तपासायची. नळी निळी राहिली तर साखर नाही. हिरवी, पिवळी, नारिंगी, विटकरी अशी चढत गेली की साखर वाढलेली. लताच्या वहीत रंगांची नावं तारीखवार लिहिलेली असत. तिच्या मांड्या सुयांनी निबर झाल्या होत्या आणि ती कुणाच्या लग्नात जेवायला बसली की चार बायका तिच्या पानाकडे बघायच्या. "हिला कोण करून घेणार," हेही तिच्यासमोरच बोलायच्या.

तिचे वडील सहादूकाका नगरपालिकेच्या शाळेत गणिताचे शिक्षक. वसाहतीतला सगळ्यात कडवा नास्तिक माणूस. आई भिमामावशी मूळची पेठकडच्या एका खेड्यातली, शाळा चौथीपर्यंत, बोलायला सरळसोट.

आणि मी कला, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. साल १९८२. विषय जीवरसायनशास्त्र. आमच्या कॉलेजात तो नुकताच सुरू झाला होता आणि वर्गात आम्ही नऊ जण होतो. वसाहतीत मला दर आठवड्याला कुणीतरी विचारायचं, "डॉक्टर होणार का?" मी म्हणायचे, नाही. "मग कंपाउंडर?" नाही. "मग एवढं शिकून काय होणार?" खरं म्हणजे लताच्या नळ्या बघून बघूनच मी हा विषय घेतला होता. ती रोज सकाळी स्वयंपाकघरात करायची तो प्रयोग आम्हाला कॉलेजात पहिल्याच सत्रात शिकवला, आणि मी तो मान ताठ करून केला. प्रयोगवहीत मात्र बाकीच्यांसारखीच मागच्या बॅचची वही उतरवून काढली.

तर तो रविवार. प्रोफेसरांनी लताला बोलावलं तेव्हा नियम स्पष्ट सांगितले होते. पहाटेची पहिली लघवी बाटलीत घेऊन यायची. मग नेहमीचं इंजेक्शन घ्यायचं. "आजचं शेवटचं," ते म्हणाले. "शरीराला निरोप घेऊ द्या." उपाशीपोटी यायचं. सभेत त्यांच्या तांब्यातून दोन तांबे पाणी प्यायचं. तासाभराने लघवीला जाऊन यायचं, ती बाटलीत धरायची नाही, टाकून द्यायची. पुन्हा तासाभराने जायचं, ती धरायची. मधल्या दोन तासांत प्रोफेसर भाषण करणार.

पहाटेची नळी मी उकळली. विटकरी. सभागृहभर फिरवली, सगळ्यांनी मान हलवली. मग पाणी, मग भाषण, मग दुसरी लघवी. मधे लताला घाम फुटला, हात कापायला लागले. प्रोफेसर लगेच म्हणाले, "बघा, साखर अंग सोडून चाललीय." तिला बिस्किट दिलं. दुसरी नळी मी दिव्यावर धरली. दोन मिनिटं उकळली. निळी. किंचितसुद्धा हिरवी छटा नाही.

"ताई, तुम्ही बी.एस्सी. करता ना?" प्रोफेसरांनी मला विचारलं. "तुम्हीच सांगा मंडळींना, रंग कोणता?"

"निळा," मी म्हणाले.

"मोठ्याने सांगा."

मी मोठ्याने सांगितलं. टाळ्यांनी पत्रे हादरले. सहादूकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. चार वर्षांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं. लताने माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "कलाताई, म्हणजे उद्यापासून सुई नाही ना?"

मी म्हणाले, "नळी तर निळी आहे."

हे माझं वाक्य मला अजून झोपू देत नाही. मी खोटं बोलले नव्हते. नळी निळीच होती. औषध खरं, नळी स्वच्छ, कुणी काही बदललं नव्हतं. मी सगळ्यावर नजर ठेवून होते. हातचलाखी पकडायला बसले होते, आणि हातचलाखी नव्हतीच.

सोमवारपासून इंजेक्शन बंद. सहादूकाकांनी पाण्याने भरलेले सात तांबे विकत घेऊन लताच्या उशाशी मांडले. प्रोफेसर ओझरला, मग विंचूरला गेले आणि जाताना सांगून गेले: रोज सकाळी चार तांबे पाणी प्यायचं, मगच तपासायचं, आणि रंग चढला तर पाणी वाढवायचं. सोमवारी नळी हिरवट. "उरलंसुरलं निघतंय," सहादूकाका म्हणाले. मंगळवारी पिवळी. पाणी वाढवलं. बुधवारी पिवळीच, जरा गडद. आणखी पाणी वाढवलं. लता दिवसभर पाणी पीत होती, दिवसभर मोरीत जात होती, आणि रोज थोडी वाळत होती. मी परीक्षेच्या घाईत होते. भिंतीपलीकडून तांब्याचा आवाज ऐकू यायचा आणि मला बरं वाटायचं.

गुरुवारी प्रॅक्टिकलला मी ही हकीकत आमच्या गायधनी मॅडमना सांगितली. जरा मिरवतच सांगितली. मॅडम बुटक्या, जाड भिंगांच्या, बोलायला कोरड्या. प्रयोगवहीवर त्यांचा लाल पेन्सिलीचा एकच शेरा असे: "कंट्रोल कुठे आहे?" आम्ही तो शेरा खोडून टाकायचो. आज त्या ऐकत होत्या आणि हातातली नळी धूत होत्या.

"सकाळी इंजेक्शन घेतलं होतं तिने?"

"हो."

"काही खाल्लं होतं?"

"नाही. उपाशी."

"पाणी किती?"

"दोन तांबे. मोठे."

"म्हणजे इन्सुलिन दिलंत, अन्न तोडलंत, पाणी पाजलंत. तिन्ही एकदम. मग श्रेय पाण्याला दिलं कुणी?"

मी वही उघडून बघायला लागले.

"कंट्रोल कुठे आहे, कला? दुसरी नळी?"

"दुसरी कुठली?"

"तीच मुलगी, तेच इंजेक्शन, तसंच उपाशी पोट, तेवढंच पाणी. फक्त नळाचं. तिचाही रंग निळा आला असता की नाही? ते न बघता तू दोनशे माणसांना रंग सांगितलास?"

मला लताचा घाम आठवला, कापणारे हात आठवले. इन्सुलिन लागू पडून साखर झपाट्याने उतरली की असंच होतं. चार वर्षांत मी ते शंभर वेळा पाहिलं होतं, शंभर वेळा तिच्या तोंडात साखर घातली होती. त्या दिवशी डोळ्यांदेखत इन्सुलिन काम करत होतं आणि जयजयकार तांब्याचा चालला होता.

"आता इंजेक्शन घेते ना ती?" मॅडमनी विचारलं.

"सोमवारपासून बंद आहे."

मॅडमनी नळी खाली ठेवली. "मग तू इथे काय करते आहेस?"

मी बसची वाट न बघता रिक्षा केली. लताच्या दारात पाऊल टाकलं आणि वास आला. ॲसिटोनचा. प्रयोगशाळेत ज्या बाटलीचं बूच आम्ही नाक दाबून उघडायचो, तोच गोडसर वास एका मुलीच्या श्वासाला येत होता. शरीराला साखर वापरता येईनाशी झाली की ते चरबी जाळायला लागतं, आणि त्या जळण्याचा धूर असावा तसा हा वास. लता खाटेवर पडली होती. श्वास खोल आणि भराभर, ओठ सुकलेले, शेजारी परातीत उलटी. भिमामावशी तिचे पाय चोळत होती. सहादूकाका खिडकीपाशी नळी उजेडाला धरून उभे होते.

"काका, दवाखान्यात न्यायला पाहिजे. आत्ता."

"नारिंगी आहे," ते म्हणाले. "विटकरी नाही. प्रोफेसर म्हणाले होते, विटकरी झाली तरच काळजी. पाणी वाढवायला पाहिजे, पण पोटात ठरत नाहीये."

"काका, ती बेशुद्ध पडेल."

"अगं, तूच तर सांगितलंस निळी म्हणून."

भिमामावशी उठली. तिने नवऱ्याच्या हातातली नळी काढून घेतली आणि कोनाड्यात ठेवली.

"चार दिस झाले नळीकडं बघताय," ती म्हणाली. "पोरीकडं बघा जरा. माही पोर मरायला टेकली हाय. उचला तिला."

रिक्षा दारातच होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वास घेतला, एकच प्रश्न विचारला, "इन्सुलिन कधी बंद केलं?" आणि सलाईन लावून इन्सुलिन चालू केलं. नंतर बाहेर येऊन ते सहादूकाकांना म्हणाले की रात्रीपर्यंत थांबला असतात तर मी काही करू शकलो नसतो. काका भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांना कुणी बाकावर बसवलं तेही त्यांना आठवत नाही. लता तिसऱ्या दिवशी उठून बसली आणि पहिली गोष्ट तिने विचारली ती सुईबद्दल. "आता पुन्हा रोज ना?" मी म्हणाले, रोज. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मला तिची माफी मागायची होती, पण त्या वेळी तिला माझी माफी नको होती, सुईपासून सुटका हवी होती, आणि ती माझ्याकडे नव्हती.

तीन आठवड्यांनी प्रोफेसर बी. एन. परत आले. लताचं त्यांच्या कानावर गेलं होतं आणि खुलासा तयार होता: पाणी कमी पडलं. वसाहतीतल्या निम्म्या लोकांना तो पटलाही होता, कारण त्यांच्या स्वतःच्या नळ्या निळ्या येत होत्या. ही सगळी वयस्क माणसं, सौम्य मधुमेहाची. भाजीभाकरीवर कशीबशी निभत होती आणि त्यांच्या घरी गोळ्यांच्या पुड्या तशाच पडून होत्या. लता वाचली होती. यांचं मरण सावकाश येणार होतं, डोळ्यांतून, पायांतून, मूत्रपिंडांतून, आणि तेव्हा तांब्याला दोष कुणी देणार नव्हतं.

मी मॅडमकडून काचसामान मागून आणलं. "फुटलं तर भरून द्यावं लागेल," असं म्हणून त्या स्वतःही आल्या आणि अगदी मागे, चपलांपाशी बसल्या.

"मंडळी, देवावर विश्वास ठेवू नका," प्रोफेसरांनी सुरू केलं. या वेळी टाळ्या जरा कमी पडल्या.

मी उभी राहिले. "सर, आमचा तुमच्यावर नाही, नळीवर विश्वास आहे. तुम्हीच सांगितलंत. म्हणून आज दोन नळ्या करू. एक जण तुमचं पाणी पिईल, एक जण समाजमंदिराच्या नळाचं. बाकी सगळं सारखं."

"जरूर, जरूर," ते म्हणाले. नाही कसं म्हणणार होते? विज्ञान त्यांनीच आणलं होतं. "पण नळाचं पाणी प्यायला तयार कोण होणार?"

"मी," लता म्हणाली.

भिमामावशी ताडकन उठली. "नाय. लय झाले तुमचे प्रयोग."

"आई, मी आज सुई घेऊनच आलेय. उद्याही घेणारे. पाणीच तर प्यायचंय." मग ती प्रोफेसरांकडे वळली. "पहाटेची बाटलीही आणलीय. तुम्ही मागच्या वेळी सांगितलं तस्संच सगळं केलंय."

तांब्यातलं पाणी प्यायला झिपरूदादा पुढे आले. ते रिक्षा चालवायचे आणि लतासारखंच रोज सकाळी इन्सुलिन घ्यायचे. मी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, म्हणून तेही सुई घेऊन, उपाशी, पहाटेची बाटली घेऊनच आले होते. भिमामावशीने लताला बसू दिलं, पण स्वतः ग्लुकोजचा डबा मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसली. दोघांच्या पहाटेच्या नळ्या विटकरी आल्या. दोघं दोन-दोन तांबे प्याले. आता दोन तास थांबायचं होतं, आणि या वेळी भाषण मी करणार होते.

मला भाषण येत नाही. मी एक कप आणि एक बादली मागवली. बादली नळाच्या पाण्याने भरली, कप अर्धा भरला. दोन्हींत चमचा-चमचा ग्लुकोज टाकून ढवळलं. ग्लुकोज अशासाठी, की घरातली साखर या निळ्या औषधाला दाद देत नाही. मग दोन नळ्या, प्रत्येकीत औषध आणि आठ-आठ थेंब. कपातल्या पाण्याची नळी विटकरी झाली. बादलीतल्या पाण्याची निळीच राहिली.

"बादलीतली साखर कुठे गेली?" मी विचारलं.

मागून एक बाई म्हणाली, "पाण्यात हाय की."

"मग नळी निळी का?"

सहादूकाका पहिल्या रांगेत बसले होते. तीन आठवडे ते शाळा सोडून कुठे गेले नव्हते, कुणाशी बोलले नव्हते. ते हळूहळू उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आयुष्यात विसरणार नाही. फळ्यावर स्वतःच मांडलेल्या गणितात चूक सापडलेल्या माणसाचा चेहरा.

"मिश्रण," ते म्हणाले. मग लोकांकडे वळले. "मी बावीस वर्षं हे गणित घालतोय. गवळ्याकडे दहा लिटर दूध होतं. त्याने त्यात दहा लिटर पाणी घातलं. दूध किती उरलं?"

"दहा लिटर," खिडकीतली पोरं एका सुरात म्हणाली. ती त्यांच्याच वर्गातली होती.

"बरोबर. दूध कमी होत नाही, पातळ होतं. ही नळी साखर किती आहे ते सांगत नाही, किती दाट आहे ते सांगते. मी लेकीला चार तांबे पाजत होतो, मग नळी बघत होतो. पातळ झालेली साखर बघून मला आनंद होत होता. माझ्या वर्गातल्या पाचवीच्या पोराने असं उत्तर काढलं असतं तर मी त्याला बाहेर उभं केलं असतं."

ते खाली बसले. भिमामावशीने काही न बोलता त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मग मी उरलेलं सांगितलं. पहाटेची लघवी रात्रभर साठलेली, दाट, ती विटकरी येणारच. दोन तांबे पाणी प्याल्यावरची पातळ. त्यात सकाळचं इन्सुलिन, त्यात रिकामं पोट. पहिल्या तासाची लघवी टाकून द्यायला सांगायची, म्हणजे जुनं दाट सगळं निघून जातं. प्रोफेसरांना हे ठाऊक कसं? त्यांनी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काही वर्षं बाटल्या धुतल्या होत्या. हे गायधनी मॅडमनी चौकशी करून काढलं होतं. बाटल्या धुण्यात कमीपणा काहीच नाही. तिथे जे शिकले त्याचा त्यांनी हा उपयोग केला, कमीपणा त्यात आहे. नळी खोटी नाही, औषध खोटं नाही, मीही खोटी नाही. सगळं खरं मांडून त्यांनी मधोमध एक प्रश्न विचारायचा राहू दिला, आणि आम्ही तो विचारला नाही.

दोन तास झाले. दोन नळ्या मी दिव्यावर धरल्या, एक उजव्या हातात, एक डाव्या. झिपरूदादांची नळी निळसर हिरवी. लताची, नळाच्या पाण्याची, स्वच्छ निळी.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. प्रोफेसर बॅग आवरत उठले, पण दार मागे होतं आणि मधे दोनशे माणसं होती. त्यांनी हसून हात वर केला.

"मंडळी, यात नवल नाही. मी स्वतः या सभागृहात बसलोय. माझ्या तांब्यांच्या लहरी इथे सगळीकडे पसरल्या आहेत. त्या नळाच्या पाण्यातही उतरल्या."

इतकं बोलून ते टाळ्यांसाठी थांबले. सवयच होती.

लता उभी राहिली. अजून अशक्त होती, खुर्चीची पाठ धरून उभी होती.

"तुमचे सात तांबे आमच्या घरात होते," ती म्हणाली. "माझ्या उशाशी होते. त्या गुरुवारी लहरी कुठं गेल्या होत्या?"

प्रोफेसर बी. एन. यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचा खुलासा असे. या वेळी त्यांनी बॅग उचलली. लोकांनी वाट करून दिली आणि ते त्या वाटेने गेले. कुणी मारलं नाही, कुणी शिवीही दिली नाही. मला वाटतं, सगळ्यांना स्वतःची इतकी लाज वाटत होती की दुसऱ्याला शिवी द्यायला कुणाची जीभ उचलेना. पुढे ते दुसऱ्या कुठल्या गावात दुसरी कुठली नळी घेऊन उभे राहिले असतील, याबद्दल मला शंका नाही. अशा माणसांचा कोट तोच राहतो, फक्त आजार बदलतो.

झिपरूदादांनी लताजवळ येऊन विचारलं, "पोरी, मंग मी माही सुई चालूच ठेवू ना?" ती म्हणाली, "रोज, दादा." इतर लोकही उठले आणि आपापल्या घरी पुड्या शोधायला गेले.

हे लिहायचं कारण असं की आमच्यासारखी माणसं अजून पुष्कळ आहेत. देव सोडले म्हणजे डोकं आपोआप चालायला लागतं अशी त्यांची समजूत आहे. तसं होत नाही. अंगाऱ्याला हसणारा माणूस काचेच्या नळीपुढे हात जोडून उभा राहू शकतो. मी राहिले होते, आणि मी तर तोच विषय शिकत होते. पदवी प्रश्न विचारत नाही, माणसाला विचारावा लागतो. कुणीही कुठलाही गुण दाखवला, मग तो बाबा असो, डॉक्टर असो की माझ्यासारखी बी.एस्सी.ची मुलगी असो, तेव्हा एवढंच विचारा: हे न करताही तेच झालं असतं का? ते तुम्ही करून बघितलं का? उत्तर टाळणाऱ्याचं पाणी पिऊ नका. आणि चालू असलेलं औषध, ज्या डॉक्टरने दिलं त्याला विचारल्याशिवाय, कुणाच्याही सांगण्यावरून एक दिवससुद्धा बंद करू नका.

सहादूकाकांनी सात तांब्यांपैकी सहा भंगारात दिले. एक भिमामावशीने ठेवून घेतला. लताची काचेची सिरिंज रोज सकाळी त्याच तांब्यात उकळते.